तीन ओळींतली डावी बाजू

टेलरमावशीला इंग्रजी शिकायची हौस मुळीच नव्हती. पन्नाशी उलटल्यावर कसली आलीय हौस! तिला शिकावं लागलं ते चाळीस पँटींपायी. दुकानाला एका मोठ्या हॉटेलच्या गणवेशांचं काम मिळालं, मापांचे कागद आले इंग्रजीतून, आणि मालकाने अंदाजपंचे अर्थ लावून चाळीस वेटरांच्या पँटी घोट्याच्या चार बोटं वर कापून टाकल्या. त्या परत आल्या तेव्हा मालकाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही शिका बुवा इंग्रजी. माझ्या डोक्यात आता नवीन काही शिरत नाही." मालक तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. पण दुकान त्याचं, तेव्हा डोकंही त्याच्या सोयीनेच चालायचं.

वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर दर शनिवारी दहा ते बारा फुकट वर्ग चालायचा. बारा शनिवार. वर्गात सगळे कामकरी लोक. एक टॅक्सीवाला, एक बेकरीवाला, इस्पितळाच्या वॉर्डात रोग्यांची उठबस करणारी एक बाई, जिला सगळे वॉर्डवाली म्हणत, आणि आणखी चारपाच जण. शिकवणाऱ्या मॅडमचा जन्म तार ऑफिसात गेलेला. अख्खं आयुष्य लोकांचे शब्द कमी करण्यात घालवल्यामुळे की काय, त्यांना लांबण लावणाऱ्या माणसांचा मनस्वी कंटाळा होता. दुसऱ्या शनिवारी त्यांनी फळ्यावर तीन छोट्या ओळी लिहिल्या आणि म्हणाल्या, "ह्याला हायकू म्हणतात. तुम्हाला शब्द थोडे येतात ना? मग हे तुमच्यासाठीच आहे."

आपल्या भाषेत सांगायचं तर फळ्यावर एवढंच होतं:

रिकामी खुर्ची.
पाठीवर टॉवेल,
अजून ओला.

"बास?" टॅक्सीवाला म्हणाला. "पुढचं?"

"पुढचं काही नाही."

मावशीला तर रागच आला. खुर्ची, टॉवेल, ह्यात कविता ती कुठली? असलं तर ती रोज धुणं वाळत घालताना शंभर रचेल. पण घरी जाताना बसमध्ये बसल्याबसल्या एकाएकी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. टॉवेल ओला आहे म्हणजे कुणीतरी आत्ताच तोंड पुसून गेलंय. आणि खुर्ची रिकामी आहे. कोण गेलं? कुठे गेलं? येणार आहे की नाही? लिहिणाऱ्याने दार सताड उघडं टाकून दिलंय आणि आत काय झालं ते सांगत नाही! तिचा थांबा कधी मागे गेला ते तिला कळलंही नाही.

मॅडमचे नियम तीनच. जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. 'सुंदर', 'वाईट', 'दुःख' असले शब्द वर्ज्य. आणि 'म्हणून' नि 'कारण' तर बिलकूल नको. मावशीला शेवटचा नियम फार सोयीचा वाटला, कारण इंग्रजीत कारणं देण्याइतके शब्द तिच्याकडे नव्हतेच. तिच्याकडे होते मापांच्या कागदावरचे शब्द. बाही, खांदा, पाय, बटण, वर, खाली, डावा, उजवा. शिंप्याच्या कागदावर डावं-उजवं लिहावंच लागतं. माणसाचे दोन्ही खांदे सारखे नसतात हे मावशीला कुणी शिकवायला नको होतं. एवढ्या भांडवलावर तिने एक वही सुरू केली. वर तारीख, खाली तीन ओळी. आठवड्यात एखादी कविता झाली तरी पुष्कळ.

आणि पाहायचं कुणाला? दुकानात मान वर करायला सवड नसे. राहता राहिला नवरा.

तिचा नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर. सत्तावीस वर्षांची नोकरी, अंगावर एक ओरखडा नाही, ना त्याच्या ना बसच्या. बोलायला कमी, पण स्वभावाने लोण्यासारखा. अलीकडे तो डावा पाय जरा ओढत चालायचा. फोनवर लेक म्हणाली, "आई, बाबा लंगडतात का गं?" मावशीने उत्तर तयार ठेवलं होतं, "अगं, सत्तावीस वर्षं क्लच दाबून झिजलाय तो पाय. आणि वय झालं आता. तुझ्या लग्नात नाचला तेव्हाचा बाप राहिलाय का तो?" बाहीचं बटण उघडं दिसलं की ती म्हणायची, सकाळची घाई. चहा सांडला तर म्हणायची, लक्ष कुठे असतं ह्यांचं! एकेका गोष्टीला एकेक कारण, नेमकं मापाचं. आणि जे करायचं ते ती करून मोकळी व्हायची. बटण लागत नाही? तिथे टिचबटण लाव, दाबलं की झालं. पायाची दुमड उसवते? पुन्हा तुरपाई घाल, थोडी वर घे. तीस वर्षं तिचा धंदा एकच होता: माणसाला धक्का न लावता कापड बदलायचं. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर ती "पोट का सुटलं?" असं कधी विचारत नसे. कंबर उसवून देत असे.

बारावा शनिवार उजाडला. शेवटचा वर्ग म्हणून मॅडमने सांगितलं, आज प्रत्येकाच्या सगळ्या कविता ओळीने वाचायच्या. वर्गाची रीत ठरलेली होती. आपल्या कविता आपण वाचायच्या नाहीत, शेजाऱ्याने वाचायच्या. मग मॅडम विचारणार, "काय दिसलं?" आणि ऐकणाऱ्यांनी सांगायचं. लिहिणाऱ्याने मात्र तोंडाला कुलूप लावून बसायचं.

मावशीची वही बेकरीवाल्याकडे गेली. तो खणखणीत आवाजात, पाव मोजून द्यावेत तसं एकेक वाचू लागला.

सकाळचे बूट.
डाव्याचं टोक झिजलं.
उजवा नवाच.

उजवी बाही.
बटण उघडं आज.
कालही उघडं.

दोन कप चहा.
डाव्या बशीत तळं.
उजवी कोरडी.

पँटचा डावा पाय
पुन्हा उसवला खाली.
पुन्हा माझी सुई.

दाराची चौकट.
तिचा निळा रंग
कोटाच्या डाव्या खांद्यावर.

मांडीवर फीत.
पिवळं फडकं तिच्यात,
अजून कोरं.

मावशी मान खाली घालून ऐकत होती. तिला मनातून गुदगुल्या होत होत्या. आपण लिहिलेलं कुणी दुसऱ्याने मोठ्याने वाचलं की ते आपलं राहत नाही, बाळसं धरल्यासारखं दिसतं. ह्या सहा कविता सुचायला तिला दहा आठवडे लागले होते.

"काय दिसलं?" मॅडम म्हणाल्या.

"एक घरधनी दिसला," बेकरीवाला म्हणाला. "घाईतला माणूस."

टॅक्सीवाला खुसखुसला. "मला तर सांजच्याला झोकून येणारा दिसला. चहा सांडतोय, दाराला धडकतोय!"

सगळे हसले. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इंग्रजी, नियम, कुलूप सगळं बाजूला ठेवून ती कडाडली, "तोंड सांभाळून बोला! माझे मिस्टर सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नाहीत. बस चालवतात ते!"

"मावशी, गंमत केली हो."

पण वॉर्डवाली हसली नव्हती. तिने बेकरीवाल्याच्या हातातून वही ओढून घेतली होती आणि बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचत होती. वर्ग शांत झाला तरी तिचं वाचून होईना. मग तिने विचारलं, "सगळं डावंच का आहे?"

"काय?" मावशी म्हणाली.

"बूट डावा. बशी डावी. पाय डावा, खांदा डावा."

"असं कसं?" टॅक्सीवाला आता भरपाई करायला पुढे सरसावला. "बाही उजवी आहे की. दुसरी कविता बघा."

वॉर्डवालीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "उजव्या बाहीचं बटण कुठल्या हाताने लावतात?"

खोलीतल्या सगळ्यांचे डावे हात आपोआप उजव्या मनगटाकडे गेले. बेकरीवाल्याचा गेला, टॅक्सीवाल्याचा गेला, मॅडमचा गेला. मावशीचाही गेला. आणि तिथेच, मनगटावर, थिजला.

तीस वर्षं ती लोकांना बाह्या शिवून देत होती. हे तिला कळायला हवं होतं. जगात दुसऱ्या कुणालाही नाही, पण तिला कळायला हवं होतं.

"मावशी," वॉर्डवाली आता आपल्या भाषेत बोलत होती, "हसताना त्यांचं तोंड एका बाजूला जातं का? जेवताना डाव्या कोपऱ्यात काही राहतं का?"

राहतं. भाताचं शीत राहतं. मावशी रोज पदराने ते टिपत होती आणि म्हणत होती, लहान मूल झालंय नुसतं.

"किती दिवस झाले?"

मावशीने वहीकडे बोट दाखवलं. वॉर्डवालीने वहीतली पहिली तारीख वाचली आणि वही मिटली. त्या वही मिटण्याचीच मावशीला जास्त भीती वाटली. "आज कुठे आहेत ते?" वॉर्डवालीने विचारलं.

"कामावर," मावशी म्हणाली. "बसवर."

कुणीतरी खुर्ची सरकवली. त्या आवाजाने मावशी उठली, वही उचलली आणि जिन्याकडे धावली. मागून मॅडम काहीतरी म्हणाल्या. चपलेचा एक अंगठा तुटला तो तिला खाली पोचल्यावर कळला.

नवऱ्याची बस वाचनालयाखालूनच जायची. फोन करून उपयोग नव्हता; गाडी चालवताना फोन न उचलण्याबद्दल त्याला एकदा बक्षीस मिळालं होतं. मावशी थांब्यावर उभी राहिली. शनिवारचा रस्ता, मुलांचे हात धरून चाललेल्या बाया, सायकली, हातगाड्या. ती प्रत्येकाकडे पाहत होती आणि प्रत्येकाच्या जागी रस्त्यावर काय दिसेल ते तिला दिसत होतं. तिने डोळे मिटून पाहिलं, तरी दिसतच होतं.

बस आली. थांब्यापाशी आली, पण फुटपाथला लागून नाही. हातभर लांब उभी राहिली. पूर्वी तो अशी लावायचा की म्हातारी माणसं पाय न उचलता उतरावीत. मावशी पुढच्या दाराने चढली. त्याचं लक्ष नव्हतं. तो आरशात पाहत होता, मागचे लोक चढून झाले का म्हणून. मग त्याने स्टिअरिंगवरचा उजवा हात काढला, आडवा नेला, डाव्या मांडीवरची फीत मुठीत धरली आणि पोतं उचलावं तसा आपला डावा पाय उचलून क्लचवर ठेवला.

ती फीत तिने शिवली होती. दोन आठवड्यांपूर्वी तो म्हणाला होता, "मांडीवर एक फीत लावून दे गं, काच पुसायचं फडकं अडकवायला." तिने दुहेरी कापड घेतलं होतं, दोन्ही टोकांना फुल्यांची शिलाई घातली होती. ओढली तर सुटू नये म्हणून.

मावशी दाराच्या दांडीला धरून उभी राहिली. बस निघाली. बारातेरा माणसं होती, एक बाई तान्हं घेऊन पहिल्याच बाकावर बसली होती. पुढच्या चौकात पुन्हा तेच. उजवा हात सुटला, फीत धरली, पाय उचलला. तेवढा वेळ ते अजस्र धूड कुणाच्याच हातात नव्हतं.

"अहो," ती म्हणाली. "गाडी बाजूला घ्या."

तो दचकला. "तू? क्लास सुटला?"

"गाडी बाजूला घ्या. बंद करा."

"अगं, लोक आहेत. घरी बोलू."

"बंद करा म्हणते ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की तान्हं दचकून रडायला लागलं. सत्तावीस वर्षांत त्या बसमध्ये असं कुणी ड्रायव्हरवर ओरडलं नव्हतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या नजरेच्या मागोमाग खाली, मांडीवरच्या फितीकडे. आणि त्याने बस कडेला घेतली, ब्रेक ओढला, चावी फिरवली.

लोक कुरकुरत उतरले. मागची बस येईल, असं त्याने प्रत्येकाला दोनदा सांगितलं. मग रिकाम्या बसमध्ये ते दोघंच राहिले. ती तान्ह्याच्या बाकावर बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

तो गोंधळलेला दिसला. लबाडी पकडल्यावर माणूस गोंधळतो तसा नव्हे. खरोखरच न कळल्यासारखा. "म्हणजे? तुला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"अगं पण..." त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर घेतला. "बटण लागत नव्हतं, तर तू न विचारता टिचबटण लावलंस. पायाची दुमड वर घेतलीस. तोंड पुसत होतीस. फीत मागितली तर एका शब्दाने विचारलं नाहीस, फडकं कशाला मांडीवर लागतं म्हणून. उलट पक्की करून दिलीस." त्याने ती फीत चिमटीत धरली. "मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला सांभाळून घेतेयस. म्हटलं, हिला चालतंय तर ओढू आणखी थोडे दिवस. नाहीतर मी केव्हाच थांबलो असतो गं."

मावशीची नजर त्या फितीवर गेली. तिला वाटलं होतं, हा आपल्यापासून लपवतोय. तो लपवत नव्हता. दहा आठवडे तो रोज तिच्यासमोर उभा राहून सांगत होता, आणि ती प्रत्येक वेळी सुईदोरा घेऊन त्याला उत्तर देत होती: जा, चालव.

दोघं रिक्षाने वॉर्डवालीच्या इस्पितळात गेले, तर ती आधीच येऊन उभी होती. वर्ग अर्धा टाकून आली होती. तिच्या ओळखीने तपासण्या त्याच दिवशी झाल्या. मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती, लिंबाएवढी. उजवीकडची गाठ डावं अंग निकामी करते हे मावशीला त्या दिवशी कळलं. डॉक्टर तरुण होते, भराभर विचारत होते.

"त्रास कधी सुरू झाला?"

"झाले असतील पंधरावीस दिवस," नवरा म्हणाला. ड्रायव्हर माणूस, उशीर कधी कबूल करायचा नाही.

मावशीने वही टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी आधी वैतागून पाहिलं, मग वाचलं. पान उलटलं. मग पुन्हा मागे गेले आणि तारखा बोटावर मोजल्या. "दहा आठवडे," ते म्हणाले. "आधी पाऊल, मग हाताची बोटं, मग खांदा. क्रमाने आहे सगळं. हे कोणी लिहिलं?"

"मी."

"नर्स आहात?"

"शिवणकाम करते."

"इतकं नेमकं आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरही लिहीत नाहीत," ते म्हणाले आणि सहाही पानांच्या प्रती काढून रोग्याच्या कागदांत लावायला सांगितल्या. शाबासकीच होती ती. मावशीला ती थोबाडीत बसल्यासारखी लागली. सगळं पाहिलं होतं. तारीखवार लिहिलं होतं. त्यातलं एकही कधी त्याला विचारलं नव्हतं.

गाठ काढली. ती वाईट जातीची नव्हती, हे नशीब. जीव वाचला, बोलणं शाबूत राहिलं, डोक्यावर एका बाजूला केस नीट येईनात एवढंच. पाय काठीच्या आधाराने रुळावर आला. डावा हात मात्र रुसून बसला. बस सुटली ती सुटलीच. त्याच्या मार्गावर आता दुसराच कुणी असतो, आणि तो थांब्यापासून हातभर लांब गाडी लावतो म्हणून नवरा खिडकीत बसून त्याला शिव्या घालतो.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, हाताला काम द्या. रोजचं, बारीक, कंटाळवाणं काम. त्या दुपारी मावशीने त्याचे सगळे शर्ट पलंगावर काढले आणि उजव्या बाह्यांची टिचबटणं उसवायला घेतली. एकेक टाका तिने स्वतःच घातलेला, चांगला पक्का. उसवायला दुपार गेली. मग तिने काजं केली आणि साधी बटणं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शर्ट घालून पलंगाच्या कडेला बसला. मावशी समोरच्या खुर्चीत बसली आणि आपले दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले. त्याचा डावा अंगठा बटणापर्यंत गेला, घसरला, पुन्हा गेला. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. त्याच्या कपाळावर घाम आला. तिच्या बोटांना तर अशा मुंग्या येत होत्या की उठून दोन सेकंदांत लावून टाकावं. ती उठली नाही.

बऱ्याच वेळाने बटण काजात गेलं. तो हसला. तोंड किंचित उजवीकडे ओढलं गेलं.

"काय दिसलं?" त्याने विचारलं. वर्गातला हा प्रश्न तिने त्याला सांगितला होता.

मावशीने पाहिलं. बाहीच्या पट्टीला दोन बटणं, दोन काजं होती आणि खालचं बटण वरच्या काजात गेलं होतं, त्यामुळे बाही मनगटावर तिरकी बसली होती. पूर्वी तिने जाताजाता बोटाने नीट केली असती आणि त्याला कळूही दिलं नसतं.

"चुकलंय," ती म्हणाली. "काढा आणि परत लावा."

त्याने एक सणसणीत शिवी हासडली आणि बटण काढायला घेतलं. ती हात दाबून बसून राहिली.